गोपुरामागचं ऊन

सोलरचं काम करणाऱ्या माणसाला सूर्यातलं कळतं, असा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. लग्नाकार्यात भेटलेले लोक मला विचारतात, "यंदा ऊन कसं राहील?" जणू काही मी आताच त्याच्याशी बोलून आलोय. खरं सांगायचं तर सूर्याचं मला फारसं काही कळत नाही. तो त्याचं काम चोख करतो, त्यात शिकण्यासारखं काही नसतं. या धंद्यात शिकायची असते ती सावली. आणि सावली मला जी काही कळली, ती दर वेळी माझी फजिती करूनच.

माझी उभी हयात दुसऱ्यांच्या गच्च्यांवर गेली. आधी टीव्हीचे अँटेना, मग डिशच्या छत्र्या, मग घरोघरचे इन्व्हर्टर आणि आता सोलर. गिरगावपासून दादरपर्यंत कुठल्या गच्चीचं दार आतून ओढावं लागतं आणि कुठल्या गच्चीवर कुणाचे पापड वाळत असतात, हे मला पाठ आहे. एवढी पाठांतराची पुण्याई गाठीशी असूनही पहिला दणका बसला तो गिरगावातच.

तिथल्या एका वाडीत फर्नांडिस आंटींचं जुनं लाकडी जिन्याचं घर आहे. त्यांना छपरावर पॅनेल बसवायची होती. मी पाहणीला गेलो तो ऐन वैशाखात, भर दुपारी. मुंबईत वैशाखात दुपारी सूर्य असा डोक्यावर येतो, की आपली सावली आपल्याच चपलांखाली लपते. मी छपरावर उभा राहिलो, चौफेर नजर फिरवली आणि ऐटीत जाहीर केलं, "आंटी, तुमच्या छपरावर सावली नाहीच."

आंटी म्हणाल्या, "बघ हां बाबा. मागची बिल्डिंग उंच आहे."

"ती तिच्या जागी उंच आहे," मी म्हणालो. असली वाक्यं मला आयत्या वेळी सुचतात आणि नंतर वर्षभर छळतात.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला आणि ती मागची बिल्डिंग आपली सावली घेऊन आंटींच्या छपरावर मुक्कामाला आली. नाताळच्या तोंडावर आंटींचा फोन आला, "अरे, तुझा सूर्य ख्रिसमसच्या सुट्टीवर गेला काय? आमचा स्टारपण पेटत नाही." मी धावत गेलो. छपराच्या एका कडेला, दोनच पॅनेलवर सावली होती. बाकीची पॅनेल लख्ख उन्हात बसलेली, आणि तरी वीज जवळपास बंद.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. पॅनेल एकापुढे एक जोडतात, साखळीसारखी. चाळीत पाणी गेलं की खालच्या नळापासून वरच्या मजल्यापर्यंत बादल्यांची रांग लागते, तशी ही रांग समजा. सगळे धडधाकट आहेत, पण मधले एक अप्पा कंबर धरून उभे राहिले, तर रांग अप्पांच्या वेगाने चालते. सावलीतलं पॅनेल म्हणजे हे अप्पा. त्यांना वगळून बादली पुढे सरकवायची सोय पॅनेलमध्ये असते. पण दोन-तीन अप्पांना वगळलं की रांग इतकी तोकडी होते, की बादली वर पोचतच नाही. वीज गोळा करणारा इन्व्हर्टर मग म्हणतो, एवढ्याशा जोरावर मी उठत नाही, आणि सरळ झोपतो.

यावरचा उपाय सांगायला अगदी सोपा आहे. ज्यांच्यावर सावली एकाच वेळी येते, त्यांची एक साखळी करायची आणि उन्हातल्यांची दुसरी. म्हाताऱ्यांची रांग वेगळी, तरण्यांची वेगळी. दोन्ही साखळ्या इन्व्हर्टरला वेगवेगळ्या दारांनी आत घ्यायच्या, म्हणजे एकीचं दुखणं दुसरीला लागत नाही. आंटींच्या छपरावर मी तसं केलं आणि त्यांचा स्टार पेटला. त्यांनी मला नाताळची गोड कुलकुलं खायला दिली, आणि डबा परत मागताना म्हणाल्या, "नेक्स्ट टाइम दुपारी येऊ नको. दोन्ही ऋतूंत ये."

हा धडा मी इतका मनापासून घेतला, की पुढच्या फजितीची सगळी तयारी त्यातच झाली.

मी राहतो लालबागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तीन मजली जुनी इमारत आहे. तिचे सेक्रेटरी नाना परब. बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो. त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. नानांच्या पत्नीला, म्हणजे नानींना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. त्यातून त्या उठल्या, पण डावा पाय ओढत चालतात. रोज चालायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमच्या रस्त्यावर धडधाकट माणसाला चालायला जागा नाही, तिथे नानी कुठे चालणार? त्या आठ पायऱ्या चढून गच्चीवर जातात आणि कठड्याला धरून फेऱ्या मारतात. ती गच्ची म्हणजे त्यांचा दवाखाना, बाग आणि माहेर, सगळं एकच.

त्या गच्चीवर जाहिरातीचं होर्डिंग उभं करायचा प्रस्ताव आला. आणला पहिल्या मजल्यावरच्या बागव्यांनी. बागवे कोर्टात कारकून होते. निवृत्त झाले तरी जिना चढतानासुद्धा ते कलम-पोटकलम बघून चढतात. त्यांचं म्हणणं, सोसायटीला चार पैसे मिळतील, पंपाचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल भागेल. चूक काही नव्हतं त्यात. फक्त होर्डिंग आलं की गच्चीभर लोखंडी सांगाडा, आणि दाराला कंपनीचं कुलूप.

नाना माझ्याकडे आले. "सुधीर, पंप आणि दिवे सूर्यावर चालवून दाखव. बिलाचा प्रश्न मिटला की होर्डिंगचा मिटला. नाहीतर हिची गच्ची गेली."

इमारतीच्या सभेत बागव्यांनी अट घातली. गणपतीचे सगळे दिवस, चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, पंप फक्त सूर्यावर चालला पाहिजे. घरोघर पाहुणे, पाण्याची सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच. तेव्हा टिकला तर वर्षभर टिकेल. एकदा जरी नेहमीच्या विजेवर जावं लागलं, तरी पॅनेल खाली आणि होर्डिंग वर. नानांनी कंडक्टरच्या आवाजात "मंजूर" म्हटलं. मला कुणी विचारलं नाही, पण मीही म्हटलं.

फर्नांडिस आंटींच्या पुण्याईने या वेळी मी कच्चं काम ठेवलं नाही. हिवाळ्याची सावली, उन्हाळ्याची सावली, जिन्याच्या खोलीची, पाण्याच्या टाकीची, समोरच्या पिंपळाची. शेजारच्या चाळीच्या जागी टॉवर येणार आहे का, हेही बिल्डरच्या ऑफिसात जाऊन विचारून आलो. आठ पॅनेल, चार-चारच्या दोन ओळी. थंडीत टाकीची सावली पुढच्या ओळीवर पडणार, म्हणून पुढची ओळ एक साखळी, मागची ओळ दुसरी. इन्व्हर्टर, बॅटरी, सगळं जिन्याच्या खोलीत. सभेत मी कागद पसरून म्हणालो, "या गच्चीवर वर्षभरात कुठे, केव्हा, किती सावली पडणार, ते सगळं यात आहे. चिमणी बसली तर तेवढी सांगता येणार नाही."

लोक हसले. बागवे हसले नाहीत.

पॅनेल बसली, पंप चालू लागला. संध्याकाळी महापालिकेचं पाणी खालच्या हौदात यायचं आणि नाना नेहमीप्रमाणे चारला पंप लावून ते वर चढवायचे. इतकं सुरळीत, की मी मनातल्या मनात त्या गच्चीचे फोटो काढून कार्डावर छापले होते.

श्रावण सरत आला आणि दुपारनंतर वीज पडायला लागली. पडायला म्हणजे अक्षरशः. मोबाइलवर दिवसभराच्या विजेचा आलेख दिसतो. तो दुपारी अडीचपर्यंत डोंगरासारखा चढायचा आणि तिथून कडेलोट. बॅटरी अर्धी राहू लागली, चारचा पंप कुंथू लागला.

मी रोज सकाळी जाऊन शोध घेऊ लागलो. पॅनेल पुसली. जोड उघडून पुन्हा बसवले. इन्व्हर्टरच्या कंपनीला फोन करून करून त्यांच्या फोनवरचं संगीत पाठ केलं. एक वायर तर मी निव्वळ संशयावरून बदलली. सकाळी सगळं ठीक असायचं. मग एक दिवस ठरवून दुपारी गेलो आणि गच्चीच्या मधोमध मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा राहिलो. अडीच वाजले, आलेख कोसळला. मी खाली वाकून वायरी चाचपू लागलो.

नानी फेऱ्या मारत होत्या. माझ्याजवळ येऊन थांबल्या. "काय शोधतंस रे?"

"वीज कुठे जाते ते बघतोय, नानी."

"खाली?" नानी म्हणाल्या. "मेल्या, सूर्य मोबाइलात उगवता काय? वर बघ."

मी वर बघितलं. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूने, आमच्या गल्लीच्या मंडळाच्या मंडपाचं दर्शनी गोपूर उभं होतं. बांबूंचा सांगाडा मी रोज येता-जाता बघत होतो; पण सांगाड्यातून ऊन येतं. गेल्या काही दिवसांत त्यावर कापड आणि प्लायवूड चढलं होतं. गच्चीच्या वर आणखी दोन मजले गेलेलं ते गोपूर दुपारचा अख्खा सूर्य पाठीवर घेऊन उभं होतं, आणि त्याची सावली माझ्या पॅनेलांवर तिरकी पसरली होती.

"गेल्या वर्षी गुहा होती," नानी म्हणाल्या. "बुटकी. यंदा गोपूर आसा. माका वाटला तुका ठावक आसा."

मला ठाऊक होतंच. आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. मी त्या मंडळाच्या सजावट समितीत आहे, गेली कित्येक वर्षं. ज्या आठवड्यात मी त्या गच्चीच्या सावल्या कागदावर काढत होतो, त्याच आठवड्यात समितीपुढे त्या वर्षीच्या देखाव्याचं चित्र आलं होतं. पलीकडच्या गल्लीवाल्यांचा महाल आमच्यापेक्षा उंच होणार, अशी कुणकुण लागली होती. तेव्हा उभा राहून, टेबलावर हात आपटून, "कळस आणखी दहा फूट चढवा, होऊ दे खर्च," असं म्हणणारा गृहस्थ मीच. टाळ्याही पडल्या होत्या. बिल्डरला विचारून आलो, पिंपळाची फांदी मोजली, आणि आपण स्वतः मंजूर केलेलं गोपूर कागदावर काढायचं विसरलो. लालबागमध्ये राहून सावलीच्या हिशेबात गणपतीचा देखावा न धरणारा सोलरवाला त्रिभुवनात दुसरा सापडायचा नाही.

नानींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुयाच उंच केलंस ना?"

"दहा फूट," मी म्हणालो.

नानी कठड्याला धरून इतक्या हसल्या, की मला त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "हसतंय खरी, पण माजी गच्ची जाव देव नको हां."

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. गोपूर हलणार नव्हतं. देवाच्या दारापुढे माझं काय चालणार? मी गच्चीवर बसून सावली कशी सरकते ते पाहिलं. ती रस्त्याकडून, पश्चिमेकडून येत होती आणि दोन्ही ओळींच्या अर्ध्या-अर्ध्या भागावर चढत होती. म्हणजे पुढच्या साखळीतले दोन अप्पा गेले आणि मागच्या साखळीतलेही दोन. दोन्ही रांगा तोकड्या, दोन्ही दारांशी इन्व्हर्टर झोपलेला. टाकीच्या सावलीसाठी मी ओळी आडव्या धरल्या होत्या. गोपुराला त्या उभ्या हव्या होत्या. भाद्रपदात टाकीची सावली आखूड असते, तेव्हा तिची भीती नव्हती. मी सगळे जोड सोडले आणि रस्त्याकडची चार पॅनेल एका साखळीत, आतली चार दुसऱ्या साखळीत घेतली. मधूनच सर येत होती, म्हणून नाना छत्री धरून उभे होते. माझ्यावर नाही, वायरींवर. काम संपलं तेव्हा रस्त्याकडची साखळी सावलीत झोपली होती, पण आतली जागी होती आणि आलेख अर्ध्यावर का होईना, तग धरून होता.

अर्ध्यावर पंप चारला ओढणार नव्हता. मी नानांना विचारलं, "पंप चारलाच का लावता?"

"पाणी चारला येतं म्हणून."

"येतं ते हौदात. हौद तर दोन दिवसांचं पाणी धरतो. आज आलेलं उद्या दुपारी बारा वाजता चढवलं तर?"

जुना हौद लहान होता, तेव्हा पाणी आल्या आल्या चढवावं लागे. हौद मोठा होऊन वर्षं लोटली, पण चारची वेळ तशीच राहिली होती. भर दुपारी, गोपुराची सावली यायच्या आत, उन्हाच्या सगळ्या जोरावर पंप चालवायचा आणि वरची टाकी भरून ठेवायची. भरलेली टाकी हीच खरी बॅटरी. पाणी एकदा वर चढलं की उतरायला वीज लागत नाही.

बागव्यांनी हरकत घेतली. "पंपाची वेळ बदलायचं ठरलं नव्हतं."

नानी दारातूनच म्हणाल्या, "ना बदलूचा तरी खय ठरला होता?"

चतुर्थीच्या सकाळी मात्र बागव्यांनी पहिल्या मजल्यावर, आपल्या दाराशेजारी असलेल्या पंपाच्या बदलस्विचवर, ज्याने सोलरवरून नेहमीच्या विजेवर जाता येतं त्या दांडीवर, देवळातला लाल दोरा गुंडाळून पक्की गाठ मारली. "दांडी फिरली की दोरा तुटणार. दोरा तुटला की होर्डिंग."

दोरा टिकला. दीड दिवसाचे गेले, गौरी गेल्या, सात दिवसांचे गेले. रोज दुपारी बाराला पंप सुरू व्हायचा आणि टाकी तुडुंब भरायची. नानी रोज नानांना खाली पाठवून दोरा शाबूत आहे का ते बघायला लावायच्या आणि मगच गच्चीवर चढायच्या.

अनंत चतुर्दशीला मात्र आभाळ सकाळपासून गच्च. घरोघर पाहुणे, मिरवणूक बघायला आलेल्या पोरांनी जिना भरलेला. बारा वाजले, पंप उठला नाही. बॅटरी आदल्या दिवशीच्या ढगांनी रिकामी. थोड्या वेळाने नळ सुकले. बागवे स्विचजवळ खुर्ची टाकून बसले. आता त्यांना काहीच करायचं नव्हतं, फक्त माणसांना तहान लागायची वाट बघायची होती.

आणि तीनच्या सुमाराला तिकडे रस्त्यावर ढोल थांबले, बांबूवाले गोपुरावर चढले. आमची मूर्ती एवढी उंच, की कमानीतून ती बाहेर निघत नाही. विसर्जनाला दर्शनी भाग मधोमध सोडावा लागतो. हेही मला ठाऊक होतं आणि हेही मी विसरलो होतो. कळस उतरला, मग त्याखालचे मजले. बाप्पा डुलत बाहेर आले, आणि त्याच वेळी ढग फाटले. तीन आठवडे अडलेलं दुपारचं ऊन एकदम सगळ्या गच्चीवर सांडलं. आठही पॅनेल झळझळीत. आलेख ताठ उभा राहिला. खालून पंपाची पहिली घरघर ऐकू आली.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? हात जोडतो. मी गुलालाची अख्खी पिशवी उचलली, "मोरया" म्हणालो आणि कठड्यावरून बाप्पांवर उधळली. वारा समुद्राकडून होता. सगळा गुलाल परत आला आणि पॅनेलांवर बसला. आठच्या आठ पॅनेल गुलाबी. पंप दोनदा खोकला आणि बंद पडला.

नाना माझ्याकडे बघतच राहिले. गुलाल धुवायला पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला धुतलेली पॅनेल हवीत. इमारतीत पाणी होतं ते एकाच घरात. पंप फसणार याची खात्री असल्यामुळे बागव्यांनी आदल्या दिवशी मोठा पिंप भरून ठेवला होता.

नानी पाय ओढत दोन मजले उतरल्या, मी त्यांच्या मागोमाग. इतक्या पायऱ्या त्या झटका आल्यापासून उतरल्या नव्हत्या. बागव्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सूर्य चुकलो काय?"

"सूर्य नाही चुकला," बागवे म्हणाले.

"मग कोण?"

बागव्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नखशिखान्त गुलाबी. मग त्यांनी डोळे मिटले आणि कोर्टात घालवलेली सगळी वर्षं आठवून निवाडा दिला, "गुलाल बाप्पाचा. म्हणजे दैवी आपत्ती. दैवी आपत्तीला मुदत मिळते." उठले, घरात गेले आणि पिंपाचं झाकण काढलं.

पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत रांग लागली. पाहुणे, पोरं, नाना, बागव्यांची सून, बागवे स्वतः. बादल्या हातोहात वर चढू लागल्या. साखळीचा सिद्धान्त मी इतक्यांना समजावला होता, तो आता प्रत्यक्ष बघत होतो. रांग फक्त एकाच जागी अडखळत होती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तिथे मी होतो. माझी कंबर कधीच बसली होती.

"सुधीर, बाजूला हो," नाना ओरडले. मला वगळून रांग वाहू लागली.

पॅनेल धुतली गेली. गुलाबी पाणी पन्हळीतून खाली मिरवणुकीवर पडलं, लोकांना वाटलं गच्चीवरून गुलाबपाणी शिंपडतायत. त्यांनी वर बघून हात जोडले. पंप उठला, आणि या वेळी थांबला नाही. नळांनी आधी फुस्स केलं, मग धार धरली. दोरा दांडीवर जसाच्या तसा होता, जरासा गुलाबी.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. होर्डिंगचा कागद बागव्यांनी स्वतःच घडी करून खिशात घातला, आणि मग कोर्टातल्यासारखं उभं राहून म्हणाले, "आता पॅनेल साफ ठेवायची जबाबदारी कुणाची, ते ठरवा. माझं नाव लिहा." यंदा आमच्या सजावट समितीच्या बैठकीला ते बोलावल्याशिवाय आले. सभासद नसतानाही. चित्र बघून म्हणाले, "करा, हवं तेवढं उंच करा. पण आमच्या उन्हाला खिडकी सोडा." देखाव्यात यंदा एक भलीमोठी गवाक्षाची जाळी आहे, ती कलादिग्दर्शकाची कल्पना आहे असं लोक समजतात. मी त्या बैठकीत तोंड उघडलं नाही. मला उघडू दिलं नाही.

भाद्रपदाआधी मी त्या गच्चीवर जातो आणि आडव्या साखळ्या उभ्या करतो. विसर्जन झालं की पुन्हा आडव्या. बाकी सगळं मोबाइलवर घरबसल्या दिसतं. आलेख कसा असावा तसाच आहे, डोंगरासारखा. फक्त रोज संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला त्यात एक बारीकशी खाच पडते, थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. नवीन माणूस असता तर वायरी सोडून बसला असता. मी खाचा मोजतो. गेल्या वर्षी सहा पडायच्या. हल्ली अकरा-बारा पडतात, आणि दोन खाचांमधलं अंतर कमी होत चाललंय. नानी भरभर चालायला लागल्यात.